‘आम्ही’ आणि ‘आपण’ : फिरत्या ख्रिस्ती कीर्तनाच्या भाषेचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती काव्याचा विचार आपल्याकडे प्रायः छापील पानावरून होत आला आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे, त्यातील ओवी तपासावी. नारायण वामन टिळकांची भजने घ्यावीत, त्यांत तुकोबांचा ठसा शोधावा. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत, त्यांतील घरगुती भाषेचे कौतुक करावे, ही अभ्यासाची रूढ पद्धती होय. ती चुकीची आहे असे नाही. परंतु तिच्यामुळे एक मोठी गोष्ट नजरेआड राहते. ह्या काव्याचा बराच मोठा भाग वाचण्यासाठी लिहिला गेला नव्हता. तो गावोगाव फिरत्या माणसांनी अनोळखी श्रोत्यांपुढे उभे राहून गाण्यासाठी रचला गेला होता. पेटी, मृदंग, झांजा व चिपळ्या घेऊन निघालेली चार माणसे, मुक्कामाचे अनिश्चित ठिकाण आणि समोर बसलेला, आपला अथवा परका, समुदाय हे ज्या वाङ्मयाचे खरे स्थान, त्याची परीक्षा केवळ ग्रंथालयात कशी व्हावी?

प्रस्तुत निबंधात ह्या फिरत्या गायनाच्या भाषेचा एकाच अंगाने विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामांची योजना. विषय वरकरणी क्षुद्र वाटेल. परंतु परगावाहून आलेला गायक श्रोत्यांपुढे उभा राहून ‘आम्ही’ म्हणतो की ‘आपण’ म्हणतो, यावर त्याचे व श्रोत्यांचे नाते ठरते. आणि ते नाते हेच फिरत्या धर्मगायनाचे मर्म आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या सलग पट्ट्यातील आजच्या ख्रिस्ती संगीत-कार्यक्रमांचा विचार शेवटी केला आहे, कारण जुना प्रश्न तेथे नव्या रूपाने उभा राहिलेला दिसतो.

२. पुराण, बँड आणि कीर्तन

मराठीतील ख्रिस्ती काव्याचा आरंभच मुळी ऐकणाऱ्या समाजासाठी झाला. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाची मांडणी पाद्री-गुरू व नवख्रिस्ती श्रोते यांच्या संवादाची आहे. श्रोता शंका विचारतो व गुरू तिचे निरसन करतो. म्हणजे श्रोत्याची जागा ग्रंथाच्या रचनेतच राखून ठेवलेली आहे. १६८४ मध्ये गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुढे गोव्याबाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर हे पुराण कानडा प्रांतात टिकून राहिले व १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघाली. मात्र येथे प्रवास घडला तो ग्रंथाचा व समाजाचा, गायकाचा नव्हे.

गायकाच्या प्रवासाचे एक निराळे उदाहरण मुंबईत १८८२ साली दिसते. त्या वर्षी १९ सप्टेंबर रोजी फ्रेडरिक टकर आपल्या तीन सहकाऱ्यांसह मुंबई बंदरात उतरला आणि मुक्तिफौजेच्या हिंदुस्थानातील कार्यास प्रारंभ झाला. ह्या मंडळींनी देशी पोशाख केला, देशी नावे घेतली; टकर ‘फकीर सिंग’ झाला. परंतु वाद्ये वाजवीत रस्त्यातून मिरवणूक काढण्याची त्यांची रीत मात्र विलायती होती. तीवरून पोलिसांशी संघर्ष झाला, अटका झाल्या, खटले चालले. भाषेच्या दृष्टीने या प्रकरणात लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, बँडला निरूपण नसते. तो रस्त्याला हाक देतो. परंतु रस्त्यावरील माणसाशी बोलत नाही. पोशाख बदलला, नाव बदलले, तरी संबोधनाची रीत बदलली नव्हती.

तिसरा मार्ग कीर्तनाचा. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णा रत्नाजी सांगळे यांचे नाव त्या परंपरेत आदराने घेतले जाते. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) भजन व कीर्तन ह्या दोन्ही वाटांना मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. ख्रिस्ती कीर्तनाने मुख्यतः हरिदासी कीर्तनाचा सांगाडा स्वीकारला: नमन, पूर्वरंगातील निरूपण, मधले भजन, उत्तररंगातील आख्यान आणि अखेरची प्रार्थना. आर्या, साकी, दिंडी, ओवी, अभंग, पद, कटाव हे सारे छंद-प्रकार त्याबरोबर आले. ह्या स्वीकारात सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र छंद ही नव्हती.

३. स्थिर पद आणि चल निरूपण

फिरत्या कीर्तनाच्या भाषेचे दोन थर स्पष्ट वेगळे करता येतात. पहिला थर पद्याचा. पद ठरलेले असते. नगरला जे गाइले तेच राहुरीला, तेच साताऱ्याला. वाटचालीत त्याचा फार तर एखादा शब्द झिजतो. दुसरा थर निरूपणाचा. तो दर मुक्कामाला नवा असतो. गावात पाऊस झाला आहे की नाही, सावकाराचा तगादा कसा आहे, पटकीची साथ येऊन गेली काय, समोर बायका किती बसल्या आहेत, बोली घाटावरची आहे की कोकणातली, हे सारे पाहून कीर्तनकार बोलतो. पद हे त्याच्या गाठोड्यातले सामान. निरूपण हा त्याने वाटेत मिळवलेला शिधा.

छापखान्याने पहिला थर राखला व दुसरा वाऱ्यावर सोडला. टिळकांची शेकडो पदे आज उपासनेच्या गीतसंग्रहांत सापडतात. त्या पदांच्या आगेमागे निरनिराळ्या गावी ते काय बोलले, ते कोठेच नीट सापडत नाही. ‘टिळकांची कीर्तने’ म्हणून आपण ज्याची चर्चा करतो, ते वस्तुतः त्यांतील पद्याचे अवशेष होत. केवळ पदे वाचून कीर्तनाविषयी मत देणे म्हणजे नाटकातील पदे वाचून नाटकाविषयी मत देण्यासारखे आहे.

हा हरवलेला थर थोडासा तरी कोठे हाती लागत असेल, तर तो ‘स्मृतिचित्रां’त. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र कीर्तनदौऱ्याचा वृत्तान्त म्हणून लिहिलेले नाही. तरीही फिरत्या धर्मगायकाच्या संसाराची रीत त्यात जशी उमटली आहे, तशी अन्यत्र क्वचितच उमटली असेल. टिळकांचे एकाएकी उठून जाणे, हातातला पैसा हातात न टिकणे, घरात नव्या माणसांची भर पडत जाणे, गाव बदलताच भांडीकुंडी बदलणे: ह्या साऱ्याची नोंद घर सांभाळणारीने ठेवलेली आहे. व्यासपीठाचा इतिहास गायकाकडून मिळतो. दौऱ्याचा हिशेब मात्र घरी राहणारीकडून मिळतो. टिळकांच्या धर्मांतराच्या कथेचे एक प्रसिद्ध स्थळही आगगाडीचा डबाच आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले व त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. प्रवासातील परक्याशी झालेला संवाद हा ज्याच्या जीवनाला वळण देऊन गेला, त्याने पुढे प्रवासी संवादाचाच मार्ग पत्करावा, हे सुसंगत होय.

येथे आणखी एका जीवनाची आठवण करणे उचित ठरेल. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी फिरण्यात गेले. जागोजाग पुराण सांगावे व मिळेल त्या दक्षिणेवर पुढची वाट धरावी, असा तो क्रम होता. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने त्या कुटुंबाची वाताहत केली. म्हणजे फिरत्या धर्मकथनाचे हे जीवन ख्रिस्ती कीर्तनकाराने नव्याने निर्माण केलेले नव्हते. पुराणिक, हरिदास, शाहीर यांनी मळलेल्या वाटेवरून तो चालत होता. फरक इतकाच की, पुराणिकाला त्याचा श्रोता आधीच आपला मानत असे. ख्रिस्ती कीर्तनकाराला मात्र प्रत्येक गावी ते आपलेपण पहिल्यापासून मिळवावे लागे.

४. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठी भाषेने ह्या आपलेपणाची कसोटी व्याकरणातच घालून ठेवली आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनात आपण दोन सर्वनामे वापरतो. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळून ‘आम्ही’, त्याला धरून ‘आपण’. “आम्ही जेवलो” आणि “आपण जेवू या” यांतील भेद मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच जाणते. गुजरातीत ‘अमे’ व ‘आपणे’ असा हाच भेद आहे. द्राविड भाषांत तो पुरातन आहे: तमिळमध्ये ‘नाङ्गळ’ व ‘नाम’, तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’, मल्याळममध्ये ‘ञङ्ङळ’ व ‘नम्मळ’. प्रमाण हिंदीत मात्र दोहोंना मिळून एकच ‘हम’ आहे. इंग्रजीत व ग्रीकमध्येही तसेच. त्यामुळे बायबलाच्या मराठी भाषांतरकाराला मूळ ग्रंथ ज्या ठिकाणी मौन बाळगतो, त्या ठिकाणी निवड करावी लागते. देवाला उद्देशून केलेल्या प्रार्थनेत ‘आम्ही’च येणार, कारण देव हा संबोधित असून मागणाऱ्यांत त्याचा समावेश होत नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी पाठांत हेच रूप रूढ आहे.

आता कीर्तनाकडे पाहावे. पद देवाला उद्देशून असते तेव्हा त्यात ‘आम्ही’ येते. निरूपण श्रोत्यांना उद्देशून असते तेव्हा त्यात ‘आपण’ येते. कीर्तनकार एका घटकेत देवाकडे तोंड करून ‘आम्ही’ म्हणतो व पुढल्या घटकेत श्रोत्यांकडे वळून ‘आपण’ म्हणतो. ह्या दोन तोंडांच्या मधली हालचाल हा कीर्तनाचा खरा ताल आहे. जो श्रोता ‘आपण’मध्ये सामावला गेला, तो पुढचे पद सुरू होताच आपोआप देवासमोरच्या ‘आम्ही’त येऊन उभा राहतो. हरिदासी कीर्तनाकडून ख्रिस्ती गायकांनी जी अमोल वस्तू घेतली, ती ही संबोधनाची रचना होय. बँडपाशी ती नव्हती; विलायती चालीवर बसवलेल्या गीतांपाशीही ती नव्हती.

परंतु ‘आपण’ हा शब्द सरळ नाही. मराठीत त्याची निदान तीन कार्ये आहेत. एक, वर सांगितलेले श्रोतृसमावेशक प्रथमपुरुषी सर्वनाम. दोन, आदरार्थी द्वितीयपुरुष: “आपण बसावे.” तीन, आत्मवाचक: “तो आपण होऊन आला.” पहिल्या दोहोंतील भेद पुष्कळदा क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांवर लटकलेला असतो. “आपण चुकलो” आणि “आपण चुकलात” ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात वक्ता स्वतःला आरोपींत धरतो. दुसऱ्यात तो न्यायाधीश होतो. ‘आहोत’ आणि ‘आहात’ यांत एका स्वराचे अंतर आहे. परंतु त्या एका स्वरात धर्मोपदेशाचे दोन भिन्न प्रकार सामावले आहेत. निरूपण हरवल्यामुळे नेमके हेच स्वर हरवले आहेत. कोणता कीर्तनकार ‘आहोत’वर टिकून राहिला आणि कोणता नकळत ‘आहात’वर घसरला, हे आज पदांवरून सांगता येणार नाही.

ह्यात काय पणाला लागले होते, ते समजण्यासाठी श्रोत्यांच्या बसण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणावी. नगरच्या परिसरातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार व मांग समाजांतून आलेला होता. गावाची वेस एकीकडे, महारवाडा व मांगवाडा दुसरीकडे. अशा गावी कीर्तनकाराने उच्चारलेला ‘आपण’ हा वेशीच्या आतल्यांना व बाहेरच्यांना एका सर्वनामात बसवणारा होता. पुष्कळ श्रोत्यांना त्या शब्दाने प्रथमच ‘तुम्हां’तून ‘आपणां’त आणले असेल, काहींना नेमका त्याच शब्दाचा राग आला असेल. टिळक चित्पावन ब्राह्मण कुळातले. त्यांच्या तोंडच्या ‘आपण’ला जे वजन होते ते वाड्यातून आलेल्या गायकाच्या ‘आपण’ला मिळत होते काय, हाही प्रश्न टाळता येत नाही. लक्ष्मीबाईंनी सोवळ्याओवळ्याची बंधने एकदम फेकून दिली नाहीत. ती हळूहळू, मनाशी झगडत गळून पडली, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. व्याकरणातला ‘आपण’ एका क्षणात उच्चारता येतो. संसारातला ‘आपण’ व्हायला वर्षे लागतात. ‘स्मृतिचित्रां’चे मोठेपण असे की, ह्या दोहोंमधील अंतर त्यांत लपविलेले नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, कीर्तनाचा साचा हे केवळ प्रचाराचे साधन होते; बाटली जुनी, औषध नवे. परंतु वर दाखविल्याप्रमाणे साच्याबरोबर संबोधनाची रीतही येते आणि ती बोलणाऱ्यालाही बांधून टाकते. ‘आपण’ म्हणणाऱ्याला श्रोत्यांच्या चुका सांगताना स्वतःच्याही सांगाव्या लागतात. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे उद्गार टिळकांच्या नावे प्रसिद्ध आहेत. ज्याला ही जाणीव आहे त्याला तो साचा परका उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आपण’ हा शब्द श्रोत्याची संमती न घेता त्याला आत ओढतो. त्यात एक प्रकारचा गोड बलात्कार आहे. ह्या आक्षेपात तथ्य आहे. मात्र कीर्तनात श्रोत्याला उठून जाण्याची मोकळीक असते, आणि गावच्या कीर्तनात तो ती वापरतोही. ज्या सभेतून श्रोता सहज उठू शकतो, तेथील ‘आपण’ हे आमंत्रण असते. जेथून तो उठू शकत नाही, तेथील ‘आपण’ ही सक्ती होते. फिरत्या गायकाचे यश मोजताना किती जण आले, याबरोबर जे उठून गेले त्यांच्याविषयी तो दुसऱ्या दिवशी कसे बोलला, हेही पाहिले पाहिजे.

५. चाल आणि अक्षर

संबोधनाच्या जोडीला चालीचा प्रश्न थोडक्यात पाहू. मिशनच्या आरंभकाळातील पुष्कळ गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. इंग्रजी गीताचा आधार आघातावर, मराठी वृत्ताचा आधार लघु-गुरूवर अथवा अक्षरसंख्येवर. ‘प्रभू’, ‘कृपा’, ‘दया’, ‘क्षमा’, ‘पिता’ हे मराठी भक्तीतील नित्याचे शब्द लघु-गुरू आहेत. ज्या चालीत पहिला स्वर हलका व दुसरा जड, तीत ते बरे बसतात. ज्या चालीत पहिलाच स्वर जड, तीत ‘प्राभू’, ‘दाया’ असे विद्रूप उच्चार होतात. उलट ‘येशू’, ‘देवा’, ‘ख्रिस्ता’ हे गुरू-गुरू शब्द पहिल्या प्रकारच्या चालीच्या आरंभी अवघडतात. अभंगात ही अडचण उद्भवत नाही. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार ह्या अक्षरगणनेत प्रत्येक अक्षराला गायक हवे तितके लांबवू शकतो. शिवाय बोलण्यात लोपणारा शब्दान्तीचा ‘अ’ गाण्यात पुन्हा जिवंत होतो आणि ‘देव’ हा शब्द पुरता दोन अक्षरी राहतो. टिळकांनी देशी छंदांची कास धरली, तिच्यामागे भक्ती होती तसे भाषेचे हे अचूक भानही होते.

६. तीन नगरांचा पट्टा

आता वर्तमानाकडे येऊ. नगरकडून दौंड-पुणे मार्गे मुंबईस येणारी गाडी बोरघाट उतरून कर्जतमार्गे बदलापूर व अंबरनाथ ओलांडून कल्याणास पोहोचते. कल्याणपलीकडे ह्या मार्गाचा आरंभ १८५६ साली झाला व बोरघाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली. टिळकांच्या काळातील गायकाला ही वाटेवरची लहान गावे होती. आज चित्र पालटले आहे. उल्हासनगर हे मूळचे युद्धकाळातील लष्करी तळ, ‘कल्याण कॅम्प’. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तेथील भाग अद्यापि कॅम्प क्रमांक एक ते पाच असेच ओळखले जातात. शके ९८२ च्या शिलालेखाचे शिवमंदिर ज्या अंबरनाथात आहे, तेथे शस्त्रनिर्मितीचा कारखाना व एके काळचा काडेपेटीचा कारखाना यांनी देशभरातील कामगार आणले. बदलापूर हे वाढत्या मुंबईचे निवासस्थान झाले. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार व बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम ह्या भाषा येथे एकाच फलाटावर ऐकू येतात.

अशा वस्तीत फिरणाऱ्या आजच्या ख्रिस्ती वाद्यवृंदाचे जीवन जुन्या कीर्तनकाराहून निराळे, तरी अगदीच परके नाही. पेटीच्या जागी कीबोर्ड, मृदंगाच्या जागी ड्रम, चिपळ्यांच्या जागी गिटार आली. शिध्याची चिंता गेली, ध्वनियंत्रणेच्या भाड्याची आली. बैलगाडीऐवजी टेम्पो आला. मंडपाची परवानगी, पोलिसांची परवानगी व शेवटची लोकल हे दौऱ्याचे नवे नियंते झाले. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार, विशेष सवलतीचे मोजके दिवस वगळता, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. झोपलेल्या वस्तीच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. परंतु त्याचा वाङ्मयीन परिणामही ध्यानात घ्यावा. कीर्तनाला रात्र मोकळी होती. कार्यक्रमाला घड्याळ आहे. वेळ कमी पडला की गाण्याला सहसा हात लागत नाही, कात्री लागते ती दोन गाण्यांमधल्या बोलण्याला. निरूपणाचे निवेदन होते, निवेदनाची घोषणा होते.

भाषेच्या बाबतीत येथे एक विलक्षण विसंगती आढळते. श्रोत्यांपैकी मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू व मल्याळम भाषिकांच्या मातृभाषेत ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद आहे. परंतु त्या सर्वांना एकत्र आणणारी व्यासपीठाची भाषा मुख्यतः हिंदी, आणि प्रमाण हिंदीत तो भेद नाही. गायक ‘हम’ म्हणतो तेव्हा तो देवाशी बोलतो आहे की श्रोत्यांशी, आणि श्रोत्यांशी बोलत असल्यास त्यांना आत घेतो आहे की बाहेर ठेवतो आहे, हे शब्दावरून कळत नाही. कुणी म्हणेल, हे इष्टच आहे. ‘हम’ने वेस पुसली गेली. मला हे मत पूर्णतः मान्य होत नाही. वेस पुसणे निराळे आणि ती न दिसणे निराळे. ‘आपण’ म्हणणाऱ्याने वेस पाहिली व ओलांडली. ‘हम’ म्हणणाऱ्याला ती पाहण्याची गरजच पडत नाही. गंमत अशी की, मुंबईच्या बोली हिंदीने मराठी-गुजरातीच्या सहवासात ‘अपन’ हे रूप ह्याच कामासाठी घडवून घेतले आहे. फलाटावरचा माणूस “अपन चलते हैं” म्हणून भेद पाळतो. व्यासपीठावर मात्र प्रतिष्ठित ‘हम’च चालतो. गाडीतली भाषा व्यासपीठावरील भाषेहून ह्या एका बाबतीत अधिक समर्थ आहे.

हिंदी गीतांची मराठी रूपांतरे त्याच चालीवर होतात, तेव्हा मिशनकाळातील जुनी अडचण नव्या वेषात परत येते. हिंदीतील ‘है’ एकाक्षरी, दोन मात्रांचा. मराठीतील ‘आहे’ दोन अक्षरी, चार मात्रांचा. ‘आहेस’, ‘आहेत’ त्याहून लांब. ‘तेरा’ चार मात्रांचा, ‘तुझा’ तीनच. तेव्हा रूपांतरकार ‘आहे’ गाळतो, किंवा ‘तुझा’ला ओढून ‘तूझा’ करतो. मराठीत ‘आहे’ वगळूनही वाक्य पुरे होते, ही भाषेची सोय येथे उपयोगी पडते. परंतु ओळीमागून ओळ क्रियापदावाचून गेली की गीत घोषणांच्या यादीसारखे वाटू लागते. आणि ‘हम’ आला की रूपांतरकाराला थांबावेच लागते. ‘आम्ही’ लिहू की ‘आपण’? भाषा त्याला उत्तर मागते. माझ्या मते रूपांतराच्या साऱ्या खटपटीत हाच एक क्षण असा आहे की, ज्यात गीत खऱ्या अर्थाने मराठी होण्याची शक्यता असते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. फिरत्या ख्रिस्ती गायनाचे मूल्यमापन पदांच्या काव्यगुणांवरच करणे अपुरे आहे; पद व निरूपण यांच्यातील ये-जा हा त्याचा प्राण आहे. ती ये-जा मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ ह्या सर्वनामांतून व्यक्त होते, आणि ‘आपण’च्या अंगच्या अनेकार्थामुळे तिच्यात आमंत्रणाची शक्ती व दडपणाचा धोका ही दोन्ही असतात. आजच्या कार्यक्रमांत निरूपण आटले असून व्यासपीठाची हिंदी हा भेद दाखवीत नाही; म्हणून गाणे वाढले तरी संबोधन क्षीण झाले आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यासाठी करण्याजोगे काम पुष्कळ आहे. जुन्या कीर्तनकारांच्या घरी असलेल्या हस्तलिखित वह्या पाहाव्यात. पदांच्या कडेला आख्यानाची टिपणे असतील ती जशीच्या तशी उतरून घ्यावीत. कीर्तन ऐकलेले वृद्ध श्रोते आहेत तोवर त्यांच्या स्मरणातील निरूपण ध्वनिमुद्रित करावे. उल्हासनगर ते बदलापूर ह्या पट्ट्यात होणाऱ्या कार्यक्रमांची नोंद घेताना गाण्यांची यादी करून थांबू नये. दोन गाण्यांमधले बोलणे अक्षरशः टिपावे, आणि प्रत्येक ‘आम्ही’, ‘आपण’, ‘हम’ व ‘अपन’पुढे तो कोणाला उद्देशून आला हे लिहावे. ही नोंद ख्रिस्ती, वारकरी, सुफी अथवा आंबेडकरी जलसा अशा कोणत्याही फिरत्या गायनाला लावता येईल. मराठी समाजात कोण कोणाला केव्हा ‘आपण’ म्हणाले, याचा इतिहास अद्याप लिहिला गेलेला नाही. त्याची बरीचशी साधने ग्रंथांत नसून वाटेवर आहेत.